मराठीतून ओरडणारा क्वार्टरबॅक

धैर्यशीलला न्यूझीलंडमधला सर्वांत थोर मराठी क्वार्टरबॅक म्हणायला माझी हरकत नाही. दुसरा कोणी मला तरी माहीत नाही.

२०११ मध्ये इस्लामपूरहून तो शिकायला ऑकलंडला आला आणि मग ईस्ट टामाकीतल्या एका गोदामात लागला. तिथे एकदा त्याने चिकटपट्टीचं रीळ शेडच्या या टोकावरून त्या टोकाला, नेमकं सिओनेच्या हातात फेकलं. क्रिकेटमध्ये बाउंड्रीवरून फेकायची सवय, दुसरं काय! सिओने टोंगाचा, दाराएवढा रुंद. त्याने धैर्यशीलला उचलून आपल्या अमेरिकन फुटबॉलच्या क्लबात नेलं. नाव फुटबॉल, पण चेंडू बहुतेक हातात. क्वार्टरबॅकने तो फेकायचा. आपल्यांनी त्याला वाचवायचं, समोरच्यांनी आडवा करायचा.

"किती गोल केलेस?" वडील काशिनाथराव फोनवर विचारत.

"बाबा, यात गोल नसतो."

"मग जातोस कशाला?"

त्याच्या खोलीतला एकेक मराठी रूममेट लग्न करून फ्लॅट बुश या उपनगरातल्या मोठ्या घरांत गेला. धैर्यशील त्याच खोलीत राहिला. "एकदा या रे कोणीतरी बघायला," तो म्हणायचा. पण मॅच रविवारी, आणि रविवार अवोन्डेलच्या बाजाराचा. मेथीच्या जुडीपुढे धैर्यशील कोण?

मराठी बोलायला त्याला मैदान तेवढं उरलं. त्याने सिओने आणि मंडळींना आकडे, डावं-उजवं शिकवलं, आणि सगळे डावपेच भर मैदानात मराठीतून ओरडायला लागला. "उजवीकडून! अडीचवर!" मग "एक, दीड, दोन, अडीच!" आणि अडीचला चेंडू मागे त्याच्या हातात. समोरच्यांना काय कळणार? परदेशात आपण लिफ्टमध्ये शेजारच्याच्या शर्टाला नावं ठेवतो, तशातलाच प्रकार. टीम जिंकायला लागली. क्लबात त्याला 'लेजंड' म्हणत. तिथे चहा करणाऱ्यालाही लेजंडच म्हणतात, पण ते त्याला कोणी सांगितलं नाही.

२०१८ पर्यंत खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, पुरे. त्याने जुन्या रूममेट्सच्या ग्रुपवर टाकलं, "शेवटची मॅच. या." अंगठे भरपूर आले. माणूस एकही नाही.

त्या दिवशी समोरच्या टीममध्ये एक काटकुळा पोरगा होता.

"डावीकडून!" धैर्यशील ओरडला. "त्या लुकड्याच्या अंगावरून! दीडवर!"

दीडला चेंडू हातात आला, आणि त्याच क्षणी लुकडाही. खांद्यातून कळ गेली. धैर्यशील गवतावर उताणा.

"सॉरी, काका. बट आय'म नॉट लुकडा."

धैर्यशील दुखणंच विसरला. "तुला मराठी येतं?"

"अंडरस्टँड हीप्स, म्हणजे खूप. आजी साताऱ्याची आहे ना."

"मग आधी बोलायचं नाही का?"

"यू वर टेलिंग मी एव्हरीथिंग, काका!"

तेवढ्यात पलीकडच्या कडेवरून आवाज आला, "क्षितिज! अरे, त्यांना लागलंय, उठव आधी!" साडीवर जाड जाकीट घातलेल्या एक आजी घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

धैर्यशील दुखरा हात छातीशी धरून मैदानाबाहेर निघाला. सिओनेने बर्फाची पिशवी घेऊन हाका मारल्या, पण हा आपल्या बाकाकडे न जाता सरळ पलीकडे गेला.

"नमस्कार. मॅच बघताय?"

"बघायची होती रे. आत्ताच पोचले, मोटरवेवर केवढं ट्रॅफिक! तू आत्ता पडलास तेवढं बघितलं."

"मी... आधी बरा खेळत होतो."

"असेल की," आजी म्हणाल्या आणि नातवाकडे बघायला लागल्या.

धैर्यशील त्यांच्या खुर्चीशेजारी गवतावर बसला. त्याच्या जागी आलेला नवा पोरगा इंग्रजीत ओरडत होता. आजींचं चालू होतं, "धाव रे! अरे, धर त्याला! सोडलास ना, वेंधळा कुठला!" त्यातलं त्याच्यासाठी काहीच नव्हतं. पण मॅच संपून आजींनी खुर्ची मिटेपर्यंत तो तिथून उठला नाही.