ट्रॅक्टर कंपनीचा, ट्रॉली सायलीची

कांदाचाळीत एक कांदा नासला की शेजारचा नासतो. किस्स्यांचंही तसंच. एक सांगायला घेतला की शेजारचा आपोआप वर येतो. फरक एवढाच, की किस्से नासत नाहीत. ठेवले की उलट गोड लागतात!

आमच्या मागच्या खोलीत पूर्वी खताची पोती असायची. आता तिथं माझ्या नातीचा, सायलीचा कॉम्प्युटर आहे. ती संगमनेरला कॉलेजात जाते आणि उरलेल्या वेळात गाड्या बनवते. गाड्या चालवायचा एक खेळ आहे, परदेशातल्या कंपनीचा. त्यात ही आपल्याकडचे ट्रॅक्टर, आपले रस्ते घालते आणि जगाला फुकट वाटते. त्याला म्हणतात मॉड. सोबत दोघं असतात. एक कायद्याचं शिकणारा ओंकार, जोशी मास्तरांचा नातू. दुसरा बाळू, डेअरीच्या दुधाचा टेम्पो चालवतो. मी दाराशी खाटेवर. माझ्यामुळं कुणाचं काम अडत नाही, कारण मी काही करतच नाही!

*

सुरुवातीला मला काहीच उमगेना. म्हटलं, "खेळ कंपनीचा, मग तुझं काय गं त्यात?"

सायली म्हणाली, "आबा, आपला ट्रॅक्टर कंपनीचा हाय ना? पण मागची ट्रॉली आपण संगमनेरला बनवून घेतली. तसंच हे. ट्रॅक्टर कंपनीचा, ट्रॉली माझी."

मला पटलं. ओंकारनं मात्र चष्मा वर केला. "आबा, तुम्हाला कंपनीच्या अटी वाचून दाखवतो. त्यात लिहिलंय, ट्रॉलीसुद्धा कंपनीचीच."

मी जरा विचार केला. माझा विचार सावकाश चालतो. मग म्हटलं, "आन् ट्रॉली पंक्चर झाली तर कंपनी येती का?"

ओंकारनं पुन्हा सगळं वरपासून खालपर्यंत वाचलं. "तेवढं नाही लिहिलेलं!"

*

मग सायलीनं संगमनेर ते अकोले रस्ता खेळात घातला. वाटेत आमचं गावही आलं. हे कळल्यावर शेजारचा नामदेव तरातरा आला.

"मला न इचारता माझं घर घातलं म्हनं! घर माझं, भिंती माझ्या. मालक कोन?"

सायली घाबरली. "नामूबाबा, लगेच काढून टाकते."

नामदेवनं स्क्रीनजवळ तोंड नेलं. ओसरी, पत्रे, दारातली बाज, सगळं जिथल्या तिथं. मग हळूच म्हणाला, "काढू नगं. नुसता रंग दे. दिवाळीला द्यायचा ऱ्हायलाय!"

सायलीनं पिवळा दिला. नामदेवला तो एवढा आवडला, की त्यानं खरं घरही पिवळं केलं. आता कुणी रंगाची चौकशी केली की बजावतो, "ते डिझाईन सायलीचं हाय. तिला इचारल्याबिगर कुनी मारू नका!"

*

बाळूच्या टेम्पोचा हॉर्न गाण्यासारखा वाजतो. सायलीनं तो रेकॉर्ड करून खेळातल्या टेम्पोला बसवला. बाळू खूश. "हॉर्न माझा हाय, माझं नाव टाक!"

ओंकार म्हणाला, "बाळू, चाल कुणा संगीतकाराची, हॉर्न बनवणाऱ्याचा, टेम्पो तुझ्या मालकाचा. तुझं त्यात काय?"

बाळू म्हणाला, "दाबतो कोन?"

कायद्याची पुस्तकं वाचणारं पोरगंच म्हणालं, "टाक नाव!" सायलीनं मॉडखाली लिहिलं: हॉर्न दाबणारा, बाळू. तेव्हापासून तो डेअरीवर दूध कमी आणि मोबाईल जास्त दाखवतो.

*

सगळेच न विचारता घेतात असं नाही. पुणतांब्याच्या एकानं सायलीला लिहिलं, "ताई, तुमच्या रस्त्याला आमचा गोदावरीचा घाट जोडू का? तुमचं नाव वर ठेवीन."

सायलीनं आनंदानं हो म्हटलं. मलाही बरं वाटलं. आपल्याकडं कुणी विरजण मागायला आलं तर नाही म्हणायची रीत नाही. विरजण आपलं, दूध त्याचं, दही दोघांचं. वाटी घेऊन दारात उभं राहिलं की झालं.

त्यानं घाट फार सुरेख जोडला. पायऱ्या, देवळं, पाणी. बाळूनं पहिली बस सोडली ती थेट नदीत! दुसरीही नदीत. सायलीनं फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "ताई, गोदावरी एवढी मन लावून केली, की पूल द्यायचा ऱ्हायला!"

*

आता हा शेवटचा.

सायलीनं आमचा जुना ट्रॅक्टर बनवला. उडालेला रंग, वाकलेला मडगार्ड, सीटवरचं फाटकं पोतं, सगळं तसंच. इंजिनाचा आवाजही आमच्याच अंगणात मोबाईल ठेवून घेतला. पोरीनं अख्खा उन्हाळा त्यात घातला. लोकांना लई आवडला.

आणि एक दिवस बाळूनं दाखवलं, तोच ट्रॅक्टर दुसऱ्याच्या नावावर! मोठ्या शहरातला कुणी एक, त्याचे व्हिडिओ पुष्कळ लोक बघतात. त्यानं सायलीचं नाव पुसून स्वतःचं घातलं होतं. ओंकारनं खेळाच्या कंपनीला तक्रार लिहिली. उत्तर आलं, तुम्ही दोघंही आपलंच म्हणताय, मालक कोण ते आम्ही कसं ठरवावं? सायली जेवली नाही. म्हणाली, "आबा, फुकट घेऊ दे ना. पण मी केलंय एवढं तरी म्हणावं!" यापुढं काहीच बनवणार नाही, असंही म्हणाली. ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तो माणूस लाईव्ह आला. आम्ही सगळे खोलीत बसलो. त्यानं ट्रॅक्टर चालू केला आणि तसाच उभा ठेवून बोलायला लागला. आपण किती मेहनत घेतली, किती रात्री जागलो. "हा आवाजसुद्धा मी स्वतः आमच्या शेतावर रेकॉर्ड केलाय. नीट ऐका!"

एरवी खेळणारे ट्रॅक्टर चालू केला की लगेच पळवतात. उभा कुणी ठेवत नाही. पण याचं स्वतःचं कौतुक काही संपेना. इंजिन धडधडत राहिलं, धडधडत राहिलं. आणि त्या धडधडीतून एक म्हातारा खणखणीत ओरडला,

"ए सायले! शेळीला पानी पाजलं का गं?"

तो आवाज माझा होता!

खाली लोकांचे मेसेज धावायला लागले. बाळू मोठ्यानं वाचायला लागला. "सायली कोण?" "शेळी पण तूच रेकॉर्ड केली का?" "दादा, आजोबांना उत्तर द्या!" त्या माणसानं घाईघाईनं लाईव्ह बंद केलं. संध्याकाळी ट्रॅक्टरवर नाव आलं: सायली. सोबत माफीही.

ओंकार म्हणाला, "आबा, असा पुरावा आमच्या पुस्तकात नाही!" सायली हसता हसता रडत होती. म्हणाली, पुढचा ऊसतोडीचा ट्रक करते.

मी म्हटलं, "कर की. पन आज पाजलं का?"

सायलीनं माझ्याकडं बघितलं, ओंकारकडं बघितलं, आणि बादली उचलून गोठ्याकडं पळाली.