परत आलेल्या पाळीचे पेढे

बायकांचा व्यायामाचा वर्ग घेतला की त्यांची वजनं उतरतात की नाही ते काटा जाणे, पण माझ्याकडच्या गोष्टी मात्र दर आठवड्याला वाढतात! खालापूरजवळच्या एका गावात, समाजमंदिरात, चाळिशी ओलांडलेल्या बायकांचा मी वर्ग घेते. चालणं, व्यायाम, खाणंपिणं, बीपी-शुगर, सगळंच. राहते कर्जतला. आयुष्यभर शाळेत पी.टी. शिकवली, त्यामुळे तोंड फटकळ. घरी कोणी चहाला आलं की म्हणतं, "सांग ना गं तुझ्या बायांचं काहीतरी!" मी सांगते, हसतात. मंदाचं सांगायला लागले की मात्र हळूहळू गप्प होतात.

*

मंदा म्हणजे वर्गातला सगळ्यात मोठा आवाज. पन्नाशी उलटलेली, नवरा मोहोपाड्याला कारखान्यात, मुलगा-सून नेरळला. घरात सासू. सासूला अख्खं गाव 'आई' म्हणतं, मीही म्हणते.

पहिल्याच दिवशी मी सांगितलं, रोज अर्धा तास चालायचं. पुढच्या वेळी बघते तर सगळ्याजणी हातात पिशवी घेऊन रस्त्याने निघालेल्या! मी ओरडले, "बाजाराला निघालात की व्यायामाला?"

मंदा म्हणाली, "मॅडम, हातात पिशवी नसली तर भेटंल तो इचारतो, कुटं चालली? नुसती चालतेय म्हटलं तर म्हनंल, हिला घरी काम नाय काय?"

सगळ्या पिशव्या रिकाम्या होत्या.

*

मग आहाराचा तास. मी मंदाला विचारलं, "रात्री काय जेवतेस?"

"उरंल ते."

"आणि नाहीच काही उरलं तर?"

"मग बरंच हाय की! तुमीच म्हनता ना, रात्री कमी खा!"

बायका खो खो हसल्या. मला इतका राग आला, आणि तो कोणावर काढायचा तेच कळेना.

*

एक दिवस मंदा सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. मला कोपऱ्यात ओढलं आणि कागदात गुंडाळलेले दोन पेढे हातावर ठेवले.

"काय गं, सुनेकडे काही गोड बातमी?"

"सुनंकडं नाय वो, माजीच." मग कानाशी लागून म्हणाली, "कवाची गेलेली पाळी परत आली मॅडम! तुमच्या व्यायामाचा गुण. जवानी परत आली बगा!"

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर डॉक्टरांना दाखवायचंच असतं. बऱ्याचदा साधं काहीतरी निघतं, पण कधीकधी गर्भाच्या पिशवीचा कॅन्सरही असतो. मी तिला तिथल्या तिथे तसंच सांगितलं. ती ऐकून घेत पेढ्यांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मग हे नका खाऊ."

*

दवाखान्यात चल म्हटलं तर लावणी आहे, मग गौरी आहेत, मग कापणी आहे! शेवटी मी तिच्या घरीच जाऊन धडकले. ओटीवर आई बसल्या होत्या.

"बाईच्या जातीला चालायचंच हे," आई म्हणाल्या. "आमी कदी गेलो काय डाक्टरला दाखवायला? लाज हाय का नाय?"

"आई, लाज सांभाळता सांभाळता ही मेली तर?" मी तोंडावर म्हटलं. आई उठून आत गेल्या. पाणीसुद्धा विचारलं नाही मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदा फाट्यावर नवी साडी नेसून उभी! म्हणाली, "आईंनीच धाडलंय. म्हनाल्या, त्या बाईच्या तोंडी लागन्यापरीस दवाखाना बरा."

*

खोपोलीच्या डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली, तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आला. कॅन्सर होता, पण अगदी सुरुवातीचा.

"पिशवी काढावी लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मंदाने मांडीवरची कापडी पिशवी घट्ट धरली. "ही? हिच्यात माजा टॉवेल हाय."

कोणीच हसलं नाही. घाबरलेल्या माणसाला काय ऐकू येईल सांगता येत नाही. मग तिला उमगलं आणि ती रडायला लागली. "परत आली म्हनून मी देवाम्होरं दिवा लावला वो, मॅडम."

*

गावात लगेच बातमी, व्यायामानं मंदाची पिशवी बिघडली! पुढच्या वर्गाला समाजमंदिर निम्मं रिकामं. मी वैतागून वर्ग बंदच करायला निघाले होते. तेवढ्यात मंदाचा नवरा दारात येऊन उभा राहिला. हा माणूस कधी कोणाशी चार शब्द बोलत नाही.

"व्यायामाला जायची म्हनून कळलं तरी," तो म्हणाला. "घरात मला कुटं सांगत होती ती?"

एवढं बोलून गेला. बायका परत यायला लागल्या.

*

ऑपरेशन चांगलं झालं. मंदा बरी होऊन वर्गाला आली ती आईंचा हात धरून. आई पहिल्यांदाच आल्या होत्या. त्या मागे भिंतीला टेकून बसल्या. मंदा पुढे उभी राहिली आणि सगळं सांगितलं, काही न लपवता, तिच्या त्या मोठ्या आवाजात.

"पाळी जाऊन वरीस झालं आनि परत लाल दिसलं, तर घरात बसू नका गं बायांनो. मी येळंत गेली म्हनून आज उभी हाय." मग म्हणाली, "आता लाजायचं नाय. आनखी कोनाला असं दिसलंय? हात वर करा."

कोणी हललं नाही. मला हायसं वाटलं.

तेवढ्यात मागे आईंनी पदराखालून हात काढला आणि वर केला.

मंदा बायकांमधून वाट काढत मागे भिंतीपाशी गेली. तिने विचारलं, "आई... कदीपासून?"

"तुज्या आदीपासून," आई म्हणाल्या.