कपाटातली पाहुणी

वडनेर भोलजीला बोअरचं पाणी इतकं खारट, की त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. अशा गावात वरपासून खालपर्यंत आरशाच्या दारांचं कपाट करून घ्यायचं, याला हौस म्हणावं की हातानं ओढवून घेतलेलं काम, हे ज्याचं त्यानं ठरवावं. सुवर्णानं ते करून घेतलं होतं. सासरी आल्यापासून तिच्या वाट्याला मोरीजवळ खिळ्याला टांगलेला आरसा होता. त्यात कपाळ पाहावं तर हनुवटी दिसायची नाही, आणि निऱ्या नीट आल्या की नाही हे शेजारणीला विचारावं लागायचं. स्लॅबचं घर बांधलं तेव्हा तिचा नवरा इंद्रभान म्हणाला, "तुले काय पायजे, सांग." इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदाच विचारलं होतं. तिनं आरशाचं कपाट मागितलं.

नव्याची नवलाई संपली आणि पुसणं तेवढं उरलं. बोअरच्या पाण्यानं पुसलं की वाळल्यावर काचेवर पांढरे ओघळ उमटायचे. मग ती प्यायच्या कॅनमधलं तांब्याभर पाणी गुपचूप घ्यायची, फडकं घट्ट पिळून पुसायची आणि वरून जुन्या पेपरचा बोळा फिरवायची. आपल्याच घरात पाण्याची चोरी करतो आहोत, याचं तिला तेव्हा हसू यायचं.

त्यानंतर तिच्या सासूबाईंना, झुंबरबाईंना, विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग आपला मालक वारला आहे हेसुद्धा. एके दिवशी त्या कपाटासमोर बसल्या होत्या. सुवर्णाला हळूच म्हणाल्या, "कवाची येऊन बसली वो ते बाई. चहा तरी दे तिले."

"आत्याबाई, आरसा हाय तो. तुम्हीच दिसता त्यात."

"मी काय इतकी म्हातारी हाव?" झुंबरबाई चिडल्या.

त्या दिवसापासून पाहुणी घरात राहायला आली. झुंबरबाई तिला बशीतला चहा पाजत, भाकरीचा कुस्करा भरवत. पाहुणीचं कपाळ रिकामं पाहून त्यांना भारी वाईट वाटे. घरी आलेल्या बाईला कुंकू लावल्याशिवाय कसं जाऊ द्यायचं? त्या बोटानं काचेवर कुंकू टेकवत, पण मान जरा हलली की पाहुणीचं कपाळ पुन्हा रिकामंच. मग दुसरं बोट, तिसरं बोट. दुपारपर्यंत मधलं दार लाल ठिपक्यांनी भरून जाई, खाली चहाचे ओघळ येत आणि त्याला मुंग्या लागत. सुवर्णा सकाळी पुसायची, संध्याकाळी पुसायची. आता तिला हसू येत नव्हतं.

तिनं आरशावर चादर टाकूनही पाहिली. झुंबरबाई समोर बसून राहिल्या. "काऊन कोंडलं तिले?" एवढंच विचारत होत्या. दिवसभर त्यांनी अन्नाला हात लावला नाही. शेवटी सुवर्णानंच चादर ओढून काढली.

तिची ही ओढाताण पाहून इंद्रभान म्हणाला, "शुक्रवारी मिस्तरीले बोलावतो. आरशे काढू अन् साधे दारं लावू. माय चार दिवस रडीन, मग इसरून जाईन."

"बोलवा," सुवर्णा म्हणाली. तिच्या तोंडून ते पटकन निघून गेलं. आयुष्यात मागितलेली एकुलती एक वस्तू जाणार होती आणि तिला सुटल्यासारखं वाटत होतं. आपण इतके थकलो आहोत, हे तिला त्याच दिवशी कळलं.

शुक्रवारी सकाळी ती तांब्या आणि फडकं घेऊन कपाटासमोर उभी राहिली. काढायचीच दारं, तर पुसायची कशाला? पण मिस्तरी ती गावातून वाहून नेणार, आणि अख्खं वडनेर म्हणणार की बघा, सुवर्णाच्या घरची स्वच्छता! तिनं कुंकू पुसलं, चहाचे ओघळ पुसले, पेपर फिरवला. काच लख्ख झाली.

झुंबरबाई मागे पलंगावर बसून पाहत होत्या. त्या नेहमीसारख्या आरशातल्या पाहुणीशी बोलायला लागल्या. "ते पाह्य वो, तुह्या बाजूची. सकाळपासून राबून राह्यली. कोणाची सून व्हय ते? कोणी तिले बस म्हणत नाही."

सुवर्णाचा हात थांबला. झुंबरबाई उठल्या, भिंतीला धरत धरत आल्या. सुवर्णाकडे त्यांनी पाहिलंही नाही. आरशातल्या सुवर्णासमोर उभ्या राहून त्यांनी पदराचं टोक हातात घेतलं आणि काचेवरच तिच्या तोंडावरचा घाम पुसायला लागल्या. कपाळ, गाल, मान. पदर खोबरेल तेलानं माखलेला. नुकत्याच पुसलेल्या काचेवर तेलाचा हा मोठा फराटा उमटला.

"बस वो माय," त्या म्हणाल्या. "दम घे. कामं काई पळून नाही जात."

सुवर्णानं समोर पाहिलं. इतके दिवस ती या काचेवरचे डागच पाहत होती. आज त्या फराट्याआड एक ओढलेल्या तोंडाची बाई उभी होती, केस विस्कटलेले, हातात फडकं. तिची दया यावी अशीच होती ती. सुवर्णा मटकन खाली बसली आणि रडली. झुंबरबाई काच पुसतच राहिल्या.

दारात मोटारसायकल थांबली. निवृत्ती मिस्तरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आत आला, दारांकडे पाहून म्हणाला, "वैनी, सगळं चकाचक केलं, अन् येवढा एक डाग राह्यला पाहा."

"राहू द्या तो," सुवर्णा डोळे पुसत म्हणाली. "दारंबी राहू द्या."