सोनोग्राफीत दिसलेला गजरा

डॉक्टरांनी मनीच्या पोटावरचे केस भादरून थंड जेल लावलं, तेव्हा माझ्या नवऱ्याने तिचे पुढचे पाय हळुवार धरले होते. "झालं हं, राणी," असं तो तिच्या कानाशी सारखा पुटपुटत होता. माझ्या सोनोग्राफीच्या वेळी हाच माणूस बाहेर बाकावर मोबाइल बघत बसला होता.

"खाणं कधीपासून बंद आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"सोमवारी संध्याकाळपासून. आधी बांगडा सोडला, मग दूधही. उलट्या त्यानंतर," नवऱ्याने घडाघडा सांगितलं.

माझा जीव जळला. आपण न जेवल्याचं कुणाच्या तरी लक्षात येणं, यापलीकडे संसारात आणखी काय मागायचं असतं? मी उपाशी राहिले, तर आमच्या घरात एक ताट कमी घासावं लागतं, एवढंच.

पडद्यावरच्या करड्या धुरात एक पांढरी रेघ चमकली. तिच्याभोवती आतड्याच्या चुण्या पडल्या होत्या.

"दोरा गिळलाय हिने. घरात गजरा वगैरे होता का?"

"आमच्याकडे कुठला गजरा?" नवरा म्हणाला.

रविवारी दिवसभर तो माझ्या केसांत होता. घरात तो फक्त मनीला दिसला.