शांत झालेले काका

माझे काका रागावले की समोरच्या किराणा दुकानातली गिऱ्हाइकंही गप्प व्हायची. बोईसरच्या एका कारखान्यात ते फोरमन होते, राहायला पालघरला. त्या रागाचा गल्लीला आधार होता. शेजारणीला कळा सुरू झाल्या आणि दवाखान्याचं दार कोणी उघडेना, तेव्हा काका रस्त्यातून असे गरजले की डॉक्टर बनियनवरच धावत खाली आले.

पुढे रक्तदाब वाढला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मुंबईच्या कुठल्याशा शिबिरातून काका एक यंत्र घेऊन आले. कपाळाला पट्टा, पट्ट्याला वायरी, वायरींना एक डबी. मेंदूतल्या लहरी संथ असल्या की डबी एका सुरात गुणगुणायची. मन बिथरलं की सूर तुटायचा. सूर टिकवता आला की राग ताब्यात येतो म्हणे. रोज संध्याकाळी काका पट्टा बांधून झोपाळ्यावर बसत. तेवढा वेळ काकूला कुकर लावायची बंदी.

गुण आला, हे मी नाकारत नाही. रक्तदाब उतरला. दूधवाला उघड उघड पाणी घालू लागला तरी काकांचा आवाज चढेना. उलट भेटेल त्याला ते ऐकवू लागले, "राग म्हणजे नुसती वीज. बटण आपल्या हातात."

त्या दिवाळीत त्यांची मुलगी शैला मनोरच्या सासरहून एकटीच आली. मी आणि काकू तिथेच होतो. काका पट्टा बांधून बसलेले. नवरा मारतो, असं सांगत तिनं दंडावरचे वळ दाखवले. "बाबा, तुम्ही एकदा येऊन त्याला जाब विचारा." डबी गुणगुणतच होती.

काकांनी आमच्याकडे पाहिलं. "बघितलंत? एवढं ऐकूनही सूर तुटला नाही!" मग शैलाला म्हणाले, "तू आधी श्वासाकडे लक्ष दे, बाळा."

इतकं निर्लज्ज वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही.

काकूनं आत जाऊन पिशवी भरली. "चल गं, वाणगावला मामाकडं."

"अगं, शांतपणे बोलू."

"तो काय हिला शांतपणे मारतो? तुमी बसा ऐकत."

शैला वाणगावलाच राहिली, शिवणकाम करून उभी राहिली. काकूही परतली नाही. काका मात्र शेजाऱ्यांना आपल्या प्रगतीबद्दल सांगत राहिले.

त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी काकूला घेऊन आलो. ती उशाशी बसली. त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "तुमाला टाकून गेले मी. एकदा तरी ओरडा माझ्यावर."

काकांनी तिचा हात थोपटला.

"असू दे," ते म्हणाले.