मामा, मोडेम आणि तारेवरचे कावळे

संगणकातली फाइल अडली म्हणून काठी घेऊन माळवदावर चढणारा तज्ज्ञ तुम्ही कधी पाहिलाय का? नसेल, तर मानवतला आमच्या धाकट्या मामांकडे या. टेलिफोनच्या तारेतून फाइल पाठवण्याची विद्या साऱ्या परभणी जिल्ह्यात आपल्यालाच अवगत आहे, असं ते मानतात. आणि साऱ्या जिल्ह्यातल्या सर्वाधिक फायली त्यांच्याच तारेत मेल्या आहेत.

मोडेम किंचाळू लागला की मामा डॉक्टरासारखा कान लावतात. "छातीत कफ हाय याच्या," म्हणतात. मग फोनची पिन रॉकेलच्या बोळ्यानं पुसतात, मोडेमपुढे टेबलफॅन ठेवतात, वेग इतका उतरवतात की बैलगाडी आधी पोचावी. तरीही फाइल तुटली की थेट माळवद! तारेवर बसून फाइल तोडतात म्हणून तिथून ते कावळ्यांवर काठी उगारतात आणि त्यांना टेलिफोन खात्यातल्या हुद्द्यांनी हाका मारतात. "ऊठ रे उपविभागीय अभियंता!"

परवा आमच्या संघटनेचं पत्रक त्यांच्याकडून औरंगाबादच्या छापखान्यात जायचं होतं. दुसऱ्या दिवशी गंगाखेडकडच्या एका कारखान्यावर ऊसतोड कामगारांची सभा. छापलेला गठ्ठा संध्याकाळच्या यष्टीनं परतला, तरच आमच्या मागण्या त्यांच्या हाती पडणार. मथळा माझा होता : 'कष्टकऱ्यांचा आवाज कोण दाबतो?'

फाइल अर्ध्यावर जायची आणि मरायची. मामा माळवदावर. पुन्हा अर्धी, पुन्हा माळवद. मेली की लगेच फोन वाजायचा, आणि पलीकडून कुणीतरी गल्लीतल्याच माणसाला बोलवायचं. गल्लीत फोन एकच. सगळ्यांनी तोच नंबर आपला म्हणून नातेवाइकांना दिलेला.

"मामा, बाहेरचा फोन आला की तुटतंय. कॉल वेटिंग बंद करा ना!"

मामांनी ओठांवर बोट ठेवलं. "मलाबी ठावं हाय," ते कुजबुजले. "पण मग गल्लीला फोन लागंल का?"

उंबऱ्यावर शेजारच्या गयामावशी तापलेल्या नातीला मांडीवर घेऊन सकाळपासून बसल्या होत्या. लेक-जावई त्याच कारखान्यावर ऊस तोडायला गेलेले. लेकीचा फोन येणार होता.

"बापू, आमच्यामुळं तुटायलंय का ओ तुमचं?" त्यांनी मामांना विचारलं.

"न्हाई ओ मावशी. कावळे लय माजलेत."

दुपारी फाइल अगदी शेवटाला आली आणि मेली. फोन वाजला. मी दातओठ खात मामांकडे पाहिलं. त्यांनी रिसीव्हर मावशींच्या हाती दिला आणि काठी उचलली.

"उतरायलाय गं ताप. आत्ताच भाकर मागितली तिनं. रडू नको, माय. घे, बोल लेकीसंगं."

वर मामा गर्जत होते. मी बाहेर येऊन पाहिलं. तारेवर एकही कावळा नव्हता.

पत्रक सभा उठल्यावर पोचलं. गल्लीचे फोनसाठीचे अर्ज दाबून बसलेल्या खात्याला मी पुढच्या पत्रकात सोडणार नाही. तुमच्याकडे मात्र एवढंच मागणं : मानवतला आलात आणि मोकळ्या तारेवर काठी उगारणारे मामा दिसले, तर हसू नका. उंबऱ्यावर कुणीतरी ऐकत असेल. खालूनच, जरा मोठ्यानं म्हणा, "होय मामा, कावळे लय माजलेत."