ढगाचे दिवस वजा जाता

"दिसलं तर दिसलं लिहायचं, न्हाई दिसलं तर न्हाई लिहायचं." हे म्हणताना डॉक्टर एक डोळा बारीक करत, जणू समोरचा माणूसही त्यांनी काचपट्टीवरच घेतला आहे. पुण्यात शिकून आले तरी हे 'न्हाई' त्यांनी सोडलं नव्हतं.

अडुसष्टच्या सुमाराची गोष्ट. भोरच्या सरकारी दवाखान्यामागच्या खोलीत ते थुंकी, रक्त तपासत. जवळच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो आणि इंग्रजी टाइपरायटर माझ्या टेबलावर होता. त्यामुळे विलायतेशी त्यांचा पत्रव्यवहार झाला तो सगळा माझ्या बोटांतून.

त्यांना सूक्ष्मजीवशास्त्राची तिकडची वरची परीक्षा द्यायची होती. परीक्षेची भीती नव्हती. त्या विषयाचं पुस्तक वाचून वाचून त्याची शिवण उसवली होती. अडचण होती ती परीक्षेला बसू देण्याची. परदेशी उमेदवाराने प्रयोगशाळेत पूर्ण तीन वर्षं काम केलेलं हवं आणि वरिष्ठांनी तसं लिहून द्यायला हवं, असा नियम होता.

तीन वर्षं झाली होती. पुण्याच्या वरिष्ठ साहेबांनी खळखळ न करता दाखला दिला. चार दिवसांनी डॉक्टर तो दाखला घेऊन पुन्हा त्यांच्यापुढे उभे राहिले, दुरुस्तीसाठी.

त्याचं असं होतं की त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला खाली आरसा होता आणि खिडकीतून येईल त्या उजेडावर तो चाले. गावात वीज होती, पण पाऊस लागला की ती आधी जाई. रोजच्या वहीत तारखेपुढे डॉक्टर लिहीत : उजेड, अर्धा उजेड, ढग. आमच्याकडचा पावसाळा तुम्हांला ठाऊक आहे. ढगाचे दिवस वजा जाता तीन वर्षांची दोनच भरत होती.

"अहो, ढगाळ दिवसांचा पगार घेतलात ना?" साहेबांनी विचारलं.

"घेतला."

"मग झालं की."

"नोकरी तीन वर्षं झाली साहेब, काम न्हाई झालं. त्यांनी पूर्ण म्हटलंय."

असा दाखला मागणारा माणूस साहेबांना पुन्हा भेटला नसावा. त्यांनी कमी करून दिला. विलायतेहून नम्र उत्तर आलं : मुदत भरल्यावर अर्ज करावा. डॉक्टरांना त्यात गैर काही वाटलं नाही. वाईट मला वाटलं.

एकदा आषाढात वेल्ह्याकडच्या पासली गावचा एक म्हातारा सुनेची थुंकी तपासायला सुनेसकट आला. मी तिथेच होतो.

"आज ढग हाय, बाबा. उद्या बगू."

"लई लांबनं आलोय, डाक्तर. हितंच ढग हाय व्हय? वेल्ह्यात तर आभाळच न्हाई उरलं. नुसतं बगा तरी."

"नुसतं बघून कसं चालंल? तुमच्या सुनेचं हाय ते."

मग दोघांना ते घरी घेऊन गेले. उजेड तिसऱ्या दिवशी पडला. तोवर वहिनी भाकऱ्या थापत होत्या आणि गावात बोललं जात होतं की डॉक्टरांनी आता खाणावळ काढली आहे. सुनेला क्षय निघाला, औषध सुरू झालं. वहीत त्या तीन दिवसांपैकी एकच धरला गेला.

तीन वर्षं भरायला त्यांना पाच लागली. भरली त्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून वाचनालयात आले. दोघांनी मिळून अर्ज केला. मी तो दोनदा टाइप केला, खाडाखोड नको म्हणून.

उत्तर दोन महिन्यांनी आलं. नियम बदलला होता. परदेशी उमेदवाराच्या तीन वर्षांपैकी शेवटचं वर्ष आता विलायतेतल्याच रुग्णालयात काढायला हवं होतं. नियम आदल्याच वर्षी बदलला होता. ढगाचे दिवस वजा केले नसते तर ते केव्हाच परीक्षेला बसले असते. त्यांनी हिशेब माझ्याआधी केला असणार.

पत्र त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, "एक पत्र टाइप करायचंय."

मला वाटलं, विनंतीअर्ज. ते सांगू लागले : मागच्या अर्जात एक चूक राहिली आहे. अर्ध्या उजेडाचे दोन दिवस मिळून एक धरला होता. वही पुन्हा पाहता त्यातला एक ढगाचाच निघाला. तरी अर्धा दिवस कमी करावा.

"आता कशाला, डॉक्टर? त्यांनी तर दारच लावलं."

"लावू द्या की. पण त्यांच्या कपाटात चुकीचा कागद राहील त्याचं काय?"

मी टाइप केलं.

त्याच थंडीत कावीळ होऊन डॉक्टर गेले. दुखणं आठ-दहा दिवसांचंच. त्यानंतर तीनेक आठवड्यांनी त्यांच्या नावाचं विलायती पाकीट वाचनालयात आलं. मी एस.टी.ने भोंगवलीला गेलो. वहिनी सासरच्या घरी राहायला गेल्या होत्या. ओसरीवर बसून मी पाकीट फोडलं. आत दोनच ओळी होत्या : आपले पत्र मिळाले. नोंद दुरुस्त करण्यात आली आहे.

"म्हंजी, बसू देनार हुते का त्यांना?" वहिनींनी विचारलं.

"नाही. डॉक्टरांनी कळवलेली चूक तेवढी दुरुस्त केली."

मग त्या म्हणाल्या, "आलंय तसंच वाचा, भावजी. इंग्रजीतनं."

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी सावकाश वाचलं, वरच्या पत्त्यापासून खालच्या सहीपर्यंत. त्या पदर सावरून ऐकत होत्या.